तिसऱ्या रांगेतला पाटा

मी एक जुना दगडी पाटा आहे, मित्रांनो. चार आखूड पाय आणि सपाट पाठ, एवढेच माझे रूप. लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मला घडवले आणि माझ्यासारख्याच कितीतरी पाट्यांबरोबर जहाजात चढवले. जहाज किनारा दिसत असतानाच बुडाले. मिरीचा एकही दाणा वाटण्याआधी मी समुद्रतळाशी गेलो. तिथे किती शतके गेली, मला सांगता येत नाही.

एके दिवशी शंख काढणारा पाणबुड्या पियतिस्स खाली आला. त्याने मला उचलून घरी बायकोसमोर ठेवले.

"घे. दोन वर्षं पाटा मागत होतीस ना?"

सोमलता हरखली. पण उन्हात मी वाळलो, तसे अंगात मुरलेले मीठ बाहेर आले आणि पाठीचे पापुद्रे सुटू लागले.

"अहो, चटणीत कचकच लागते," ती म्हणाली. "मीठ मात्र घालावं लागत नाही!"

पुढे बुडालेल्या जहाजांची पाहणी करणाऱ्या इनोकाबाई गावात आल्या. मला पाहताच त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळले.

"याला वाळू देऊ नका. दादा, हा नेमका कुठे होता?"

"खुणा सांगितल्या की माझे शंख गेले, बाई. सख्ख्या भावालाही सांगितल्या नाहीत."

"तळ खरवडणाऱ्या जाळ्यांच्या बोटी इथवर आल्यात. नकाशात जागाच नसेल, तर त्यांना अडवायचं कसं?"

पियतिस्स शंखांची टोपली आवरू लागला.

"झोपेत रोज बडबडता," सोमलता म्हणाली. "मीच सांगू का?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "नावेतून किनाऱ्याकडे बघत स्तूपाचा कळस दोन ताडांच्या मधोमध धरायचा. आणि काळा खडक टेकडीच्या टोकाखाली."

दुसऱ्या सकाळी इनोकाबाई आणि पियतिस्स यांनी तळाशी दोऱ्या ताणल्या, मापे घेतली, पाण्यातही लिहिता येणाऱ्या पाटीवर चित्र काढले. काहीही उचलले नाही. पियतिस्सला जिथे दगडांचा ढीग वाटला होता, तिथे पाट्यांच्या सरळ रांगा होत्या. दोन्ही बाजूंना वाळूतून लाकडी फासळ्या वर आलेल्या. तिसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती. वर आल्यावर पियतिस्सने नावेची कड धरली.

"वीस वर्षं मी एका जहाजाच्या वरून पोहतोय," तो म्हणाला.

त्याने स्वतःच मला खाली नेऊन त्या रिकाम्या जागेवर ठेवले.

आता तिथे शंख काढायला आणि जाळी ओढायला बंदी आहे. पियतिस्सला लांबच्या खडकांवर जावे लागते. सोमलता शेजारणीच्या पाट्यावर वाटते आणि त्याला टोमणे मारते.

मित्रांनो, पाण्याखाली जुने काही दिसले, तर उचलू नका. जागा लक्षात ठेवा आणि जाणत्यांना सांगा. पियतिस्सची नाव अजून रोज माझ्यावरून जाते. कळस दोन ताडांच्या मधे आला, की तो वल्ही थांबवतो आणि खाली पाहतो.