ड्वेनची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. ओकच्या लाकडाची, सरळ पाठीची. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खुर्चीला सांगण्यासारखे काय असणार? लोक बसले, लोक उठले, संपले. पण माझे तेवढेही झाले नाही. माझ्यावर कुणी बसायचे नाही, यासाठीच मला बनवले होते.

आयोवा राज्यातल्या वॉलनट बेंड गावात माजी सैनिकांचा हॉल आहे. दारातून आत आले की डाव्या हाताला एक लहान गोल टेबल, आणि त्याच्याशी मी. टेबल एकाच माणसासाठी मांडलेले असते. पांढरा कपडा, एक ताट, ताटात लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, शेजारी पालथा घातलेला ग्लास. जो लढाईवर गेला आणि परत आला नाही, मेला असेही कुणी सांगितले नाही, त्याच्यासाठी ही जागा. लिंबू त्याच्या कडवट नशिबासाठी, मीठ घरच्यांच्या अश्रूंसाठी, आणि ग्लास पालथा, कारण प्यायला तो इथे नाही.

मला लाइल हाल्वर्सनने बनवले. तो गावातला सुतार. खुर्ची झाली की सुतार एकदा तरी तीत बसून बघतो. लाइल बसला नाही. त्याने दोन्ही तळहातांनी माझ्यावर भार दिला, पाय डुगडुगत नाहीत ना पाहिले, आणि म्हणाला, "झाली."

"बसून नाही बघितलंस?" त्याच्या बायकोने, आर्डिसने विचारले.

"तुझ्या भावाची आहे. आधी तोच बसेल."

आर्डिसचा भाऊ ड्वेन व्हिएतनामला गेला होता. तिथल्या एका जंगलात त्याचे हेलिकॉप्टर पडले. बाकीच्यांचे देह मिळाले, ड्वेन मिळाला नाही. पुढे टीव्हीवर सांगितले गेले की युद्ध संपले, आपली मुले घरी आली. आर्डिस म्हणाली, "मोजताना चुकले वाटतं."

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. माझे काम म्हणजे रिकामे राहणे. शुक्रवारी हॉलमध्ये तळलेल्या माशांचे जेवण असे, कधी बिंगोचा आकड्यांचा खेळ, कधी कुणाच्या लग्नाची पार्टी. लोखंडी घडीच्या खुर्च्या इकडून तिकडे ओढल्या जात, त्यांच्यावर पोरे उड्या मारत. माझ्याकडे एखादे पोर वळले की चारी बाजूंनी ओरडा होई, "ए, ती नाही!" माझ्यावर कुणी कोटसुद्धा टाकत नसे. वर्षातून एकदा, शहिदांच्या दिवशी, महापौर माझ्याकडे बोट दाखवून भाषण करत आणि लोक टोप्या काढत. नंतर घडीच्या खुर्च्या भिंतीशी एकमेकींना टेकवून ठेवत, दिवे मालवत. त्या एकमेकींच्या अंगावर रेलून असत. मला त्यांचा फार हेवा वाटे.

आर्डिस तेवढी मला शिवायची. दर शुक्रवारी ती लिंबाची फोड बदलायची, मला पुसायची, आणि पुसून झाल्यावरही तिचा हात थोडा वेळ माझ्या पाठीवर राहायचा.

दर चार वर्षांनी, बर्फ गुडघाभर साचले की आमच्याकडे उमेदवार येतात. राष्ट्राध्यक्षाची निवड आमच्या राज्यापासून सुरू होते, म्हणून ते आधी आमच्या दारात. आर्डिस कॉफीची किटली घेऊन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "माझ्या भावाला घरी आणाल?" प्रत्येक जण तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणे, "नक्की!" गाडी गेली की लाइलचा मित्र मर्ल विचारी, "काय आर्डिस, कसा वाटला?"

"हाही नक्कीवाला," ती म्हणे, आणि कप धुवायला घेई.

एका वर्षी गव्हर्नर हॅडली नावाचा उंच उमेदवार आला. हॉल गच्च भरला होता. चाकाच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या सैनिकाशी त्याला बोलायचे होते. त्याच्या बरोबरीने बसून बोलावे म्हणून त्याने हाताला आली ती खुर्ची ओढली. ती मी होते. तो बसायला वाकला.

"साहेब, थांबा!" आर्डिस म्हणाली.

गव्हर्नर अर्धवट वाकलेलाच राहिला.

"तिथं माझा भाऊ बसतो."

त्याने इकडेतिकडे पाहिले. "माफ करा हं. कुठं आहेत ते?"

मर्लने डोक्याला हात लावला.

"तेच तुम्हाला विचारायचं होतं," आर्डिस म्हणाली.

आता त्याला पालथा ग्लास दिसला. त्याचे कान लाल झाले. त्याने मला होती तशी टेबलाशी लावली.

"आणाल त्याला घरी?"

सगळे 'नक्की'ची वाट पाहत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मला माहीत नाही, बाई. त्यासाठी तिथल्या सरकारशी बोलावं लागेल. बोललो तर इथलेच लोक मला शिव्या घालतील. तरी बोलेन. पण तो सापडेल का, ते खरंच माहीत नाही."

आर्डिसने त्याचा कप काठोकाठ भरला. "बसा. दुसऱ्या खुर्चीत."

तो निवडून आला. त्याने बोलणी केली, आणि आपली माणसे तिथल्या माणसांबरोबर जंगलात खणू लागली. शिव्या पडल्याच. आमच्या हॉलमध्येही मर्ल टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "ज्यांनी आपली पोरं मारली, त्यांच्याशी हात मिळवतो हा!"

"मग त्यांच्या जमिनीत फावडं कोण घालू देणार, तू?" आर्डिस म्हणाली.

पण मित्रांनो, माणूस एकाच कामाने ओळखता येत नाही. याच हॅडलीने पुढे एका वाळवंटी देशावर फौजा पाठवल्या. काही आठवड्यांचे काम आहे, असे तो टीव्हीवर म्हणाला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आर्डिस टीव्हीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"लाइल," ती हळूच म्हणाली, "ते ओक शिल्लक आहे का रे?"



ते आठवडे वर्षांवर गेले. हॅडलीची मुदत संपली, दुसरा आला, लढाई चालूच राहिली. आमच्या गावच्या हॉवर्डचा धाकटा मुलगा शवपेटीत घरी आला.

मग एका हिवाळ्याच्या तोंडाला आर्डिस गेली. लाइल हॉलमध्ये यायचा थांबला. ताटातली लिंबाची फोड सुकून चामड्यासारखी झाली. माझ्यावर धूळ बसली, पण पुसायचे कुणाच्या लक्षात आले नाही. मी कुणाची वाट बघते, हे मलाच नीट आठवेना.

वसंतात सैन्याचे एक अधिकारी लाइलच्या घरी आले. त्या जंगलात एक दाढ आणि मांडीचे हाड मिळाले होते. आर्डिसने पूर्वी गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना दिला होता, त्याच्याशी ते जुळले. ड्वेन सापडला होता. त्याला आर्डिसच्या शेजारी पुरले, आणि लोक जेवायला हॉलमध्ये आले.

जेवणे झाल्यावर मर्ल म्हणाला, "लाइल, आता ही मोकळी झाली म्हणायची. बिंगोला खुर्च्या कमीच पडतात."

खरे सांगते, मला आनंद झाला. जन्मभर मला दुसरे काही नको होते.

"बघतो," लाइल म्हणाला.

लोक पांगले. मर्ल आत भांडी आवरत होता. लाइलने ताटात ताजी फोड ठेवली. मग मला मागे ओढले आणि तो बसला.

माझे सांधे पहिल्यांदाच करकरले.

"आर्डिस," तो म्हणाला, "आला गं ड्वेन."

तो कितीतरी वेळ तसाच बसून होता, हात गुडघ्यांवर ठेवून. इतकी वर्षे मला वाटायचे, कुणी बसले की माझा एकटेपणा जाईल. बसला तो माझ्याहून एकटा होता.

मर्ल हात पुसत बाहेर आला तेव्हा लाइल उभा राहून मला टेबलाशी लावत होता.

"मग? नेऊ का ही?"

"थांब. आधी टीव्ही लाव. आज भाषण आहे."

मर्लने टीव्ही लावला. नवे राष्ट्राध्यक्ष बोलत होते. आणखी एका देशाचे नाव, आणखी फौजा, मुले लवकरच परततील, नक्की.

मर्ल पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाही नक्कीवाला." आणि बिंगोसाठी त्याने भिंतीजवळची घडीची खुर्ची उचलली.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या मोठे होऊन हुकूम देण्याच्या जागी बसेल. तेव्हा समोर माझ्यासारखी एक रिकामी खुर्ची मांडून ठेवा, आणि हुकूम तिच्याकडे बघून द्या. बाकीच्यांकडे माझे एवढेच मागणे आहे. शुक्रवारी लिंबाची फोड बदला, धूळ पुसा, आणि पुसून झाले तरी हात थोडा वेळ माझ्या पाठीवर राहू द्या.