टांगलेले वजन

"दोरी सैल कशी झाली?" वेदश्री सिस्टरने विचारले आणि ती पलंगाच्या पायथ्याशी वाकली. कप्पीवरून उतरलेल्या दोरीच्या टोकाची लोखंडी वजने एका स्टुलावर निवांत टेकली होती.

भागीरथा पदराशी चाळा करत उभी होती. "मीच ठेवलं बाई. पहाटपासून लय कण्हत होते हे. स्टूल लावला अन् लगेच झोपले."

प्रेमदास खरोखरच झोपला होता. आर्वीच्या धान्यबाजारात सोयाबीनची पोती उतरवताना तो ट्रकवरून पडला आणि मांडीचे हाड मोडले. दमा जुना, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया टाळून पाय असा वजनांनी ताणून ठेवला होता. उभी हयात ज्याने इतरांचा भार पाठीवर वाहिला, त्याला एवढेसे लोखंड जागेवर धरून होते. रोहण्याच्या घरून आल्यापासून भागीरथा त्या वजनांकडे सवतीकडे पाहावे तशी पाहत असे.

"मावशी, ओढ थांबली म्हणून झोप लागली," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "पण ओढ थांबली की हाडाची टोकं एकमेकांवर चढतात. तशीच जुळली, तर पाय जन्माचा आखूड."

भागीरथेचा चेहरा उतरला. तरी तिने मनातले विचारलेच. "मंग पायाकडचा पलंग ठोकळ्यायवर काऊन चढवला? डोक्स्याकडं उतार करून ठेवला माणसाले."

"वजन त्यांना पायाकडं ओढतं. उतारामुळं त्यांचंच अंग डोक्याकडं ओढतं. द्या बरं हात."

दोन पलंगांच्या मधल्या जागेत त्या दोघी पायाला पाय लावून उभ्या राहिल्या आणि फुगडीत झुकतात तशा मागे झुकल्या. भागीरथेच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

"सोडू?" सिस्टरने विचारले.

"नोको ना बाई. पडीन मी."

"मीही पडेन. तुम्ही मला जेवढं ओढता, तेवढंच मी तुम्हाला ओढते आहे. म्हणून दोघी उभ्या आहोत."

जे समजले ते भागीरथेच्या बुद्धीआधी तिच्या तळव्यांना समजले. तिचा संसारही असाच दोन्ही अंगांनी ताणून उभा राहिला होता. त्या ताणाला आधार म्हणावा, हे मात्र तिला कधी सुचले नव्हते.

"काय चालू हाय व?" प्रेमदास जागा झाला होता. "मी इथं लंगडा पडलो अन् तू फुगड्या खेळून राह्यली?"

शेजारचे रुग्ण हसले. सिस्टरने त्याला घडलेले सांगितले. त्याने स्टुलाकडे बोट केले.

"काढ तो."

"तरास होईन तुमाले."

"शंभर किलोचं पोतं घेऊन फळीवर चढतो मी. सात किलोले भेतो का? काढ. तूच काढ."

सिस्टरने वजने दोन्ही हातांनी तोलून धरली. भागीरथेने स्टूल ओढून घेतला. वजने सावकाश खाली आली, दोरी ताठ झाली आणि प्रेमदासच्या जबड्याची शीर तटतटली. त्याने डोळे मिटले नाहीत.

त्यानंतर तो कण्हत असे तेव्हा ती त्याचे कपाळ पुसी, पाणी पाजी. पण दोरीकडे तिचा हात गेला नाही.

हाड जुळून आले तेव्हा थंडी सरत आली होती. डॉक्टरांनी दोन्ही पाय मोजले; ते सारखे भरले. पोती मात्र यापुढे उचलायची नाहीत, असेही त्यांनी सांगितले. प्रेमदासने मान हलवली आणि खांद्यावरचा जुना घट्टा चोळला.

मग वॉकर पुढे आला. प्रेमदास उठला. आजवर परक्या ओझ्याखाली न डगमगलेले ते पाय स्वतःच्याच भाराने थरथरू लागले. भागीरथा पुढे झेपावली.

"राहू दे," तो म्हणाला. "मले माहं वजन पाहू दे."

ती थांबली. त्याने एक पाऊल टाकले, मग थांबून दुसरे. त्याच्यामागे भागीरथा चालत राहिली, दोन्ही हात पाठीशी नेऊन, एकमेकांत घट्ट धरून.