दहा पट्ट्यांचं पेडल

बँड तिघांचा होता आणि त्यातला बेसवाला, म्हणजे जाड आवाजाची गिटार वाजवणारा, काही टिकत नव्हता. गिटार वाजवून गाणारे सर वीस वर्षं तेच, ड्रमवर ठोक्या वीस वर्षं तोच. बेसच्या जागेला मात्र कुणाची दृष्ट लागली होती कोण जाणे. सर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, ठोक्या फर्निचरच्या कारखान्यात करवतीच्या मशीनवर होता. शनिवारी दुपारी दोघं टायरच्या गोदामावरच्या खोलीत जमायचे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या म्हणून शेजारीपाजारी अजून त्यांच्याशी बोलत होते.

बँडचा नियम एकच. बेसवाला ठोक्यानं निवडायचा आणि नको झाला तर ठोक्यानंच सांगायचं. ड्रम आणि बेस हा नवराबायकोचा संसार आहे, तिसऱ्यानं त्यात नाक खुपसू नये, असं सरांचं म्हणणं.

पहिला लांब्या. तो नखाएवढ्या प्लास्टिकच्या पिकनं तारा झोडपायचा. आवाज बदलणारं पायाखालचं पेडल नाही, काही नाही, वायर गिटारमधून थेट अँपच्या खोक्यात. आवाज खडखडीत, एकेक नोट वेगळी मोजून घ्यावी अशी. नऊ वर्षं वाजवून तो नोकरीसाठी परगावी गेला आणि ठोक्यानं त्याच्याबद्दल कधी ब्र काढला नव्हता.

मग आले भावजी, ठोक्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते बोटांच्या पेरांनी वाजवायचे, मऊ आणि सावकाश. सुरुवातीला ठोक्या खूश होता. मग म्हणू लागला, आवाज घोळदार येतो, नोट कुठे सुरू झाली तेच कळत नाही. भावजींनी बिचाऱ्यांनी ओव्हरड्राइव्हचं पेडल आणलं, आवाजाला थोडी खरखर देणारं. त्यानं दोन वर्षं भागलं. एके दिवशी ठोक्या सगळ्यांदेखत म्हणाला, "भावजी, तुम्ही मागे पडता." भावजींनी गिटार पिशवीत घातली. तेव्हापासून ठोक्या बहिणीकडे गेला की ते वर्तमानपत्र उघडून बसायचे, आणि पान काही उलटायचे नाहीत.

तिसरा पेटीवाला. आला तेव्हा त्याच्या पेटीत दोन पेडलं होती, गेला तेव्हा आठ. ठोक्यानं तक्रार केली की हा नवं पेडल घ्यायचा. आवाज एकसारखा दाबून धरणारा कॉम्प्रेसर आला, एका नोटेखाली दुसरी जाड नोट लावणारा ऑक्टेव्ह आला, आवाज पाण्यावर हलल्यासारखा करणारा कोरसही आला. शेवटी पेटी जिन्यावरून चढवायला दोन माणसं लागायची. तरी ठोक्याचं आपलं एकच पालुपद, "मागे पडतोस." पेटीवाला म्हणाला, "काका, आता दुकानात पेडल उरलं नाही," आणि गेला तो गेलाच.

चौथी आली ती लिफ्टवाली. दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची, बोटांना ग्रीसचा वास, बोलणं मोजकं. तिच्याकडे फक्त दोन पेडलं होती. एक सूर जुळवायचं आणि दुसरं दहा पट्ट्यांचं. प्रत्येक पट्टी वर केली की आवाजाचा एक थर वाढतो, खाली केली की कमी होतो, जाडपासून बारीकपर्यंत दहा थर. तिनं त्या सगळ्या पट्ट्या मधोमध ठेवलेल्या असायच्या. तीही बोटांनीच वाजवायची, आणि फार सुंदर वाजवायची, हे ठोक्यालाही पहिल्याच दिवशी कळलं. चौथ्या शनिवारी तो म्हणाला, "ताई, तुम्ही मागे पडता."

तिनं खाली वाकून सूर पुन्हा जुळवून पाहिला.

त्याच आठवड्यात बायकोनं ठोक्याला धरून कान तपासायला नेलं. "कपडे धुवायचं मशीन पंधरा मिनिटं टी-टी करतंय आणि हे त्याला टेकून मोबाइल बघतायत," असं तिनं तिथल्या मुलीला येताक्षणी सांगितलं. मुलीनं ठोक्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले काही जाड आवाज आले, त्यानं ऐटीत दाबले. मग सगळं शांत झालं. पुढचं कधी सुरू होतंय याची वाट बघत तो अंगठा रोखून बसला.

दार उघडलं. "झालं, काका."

"अहो, अजून सुरू कुठे झालंय?"

"दोन्ही कानांचं झालं," ती हळू आवाजात म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पुढ्यात ठेवला. रेघ डावीकडून सरळ निघाली होती आणि हजारच्या आकड्यानंतर विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. करवत आणि ड्रमवरची पितळी थाळी, दोघींनी मिळून वरचे बारीक आवाज खाल्ले होते. जाड आवाज शाबूत होते. आता कानाला मशीन लावून घ्या आणि पुढे कान झाकून वाजवा, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येताना ठोक्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बोट तारेवर पडतं तेव्हा जी टिक होते, ती बारीक असते. ती गेली की नोट सुरू झालेली कळत नाही, चांगली फुगल्यावर कळते. म्हणजे भावजी मागे पडत नव्हते. पेटीवालाही नव्हता. नोट उशिरा आली असं समजून त्यांच्यासाठी थांबणारा ठोक्या स्वतःच मागे पडत होता, आणि खापर मात्र दरवेळी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडत होता. त्याला इतकी लाज वाटली की बायकोशीही तो दोन दिवस नीट बोलला नाही.

पण बँडमध्ये सांगितलं का? नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि मूग गिळून बसला. बहिऱ्या ड्रमरला कोण ठेवतो? करवतीसमोरचा आठवडा तो या एका शनिवारच्या जिवावर काढत आला होता. तो गेला तर मागे नुसती करवत उरणार होती.

एक शनिवार असाच घसरत गेला, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता. तेच गाणं तिसऱ्यांदा घसरलं तेव्हा सरांनी गिटार खाली ठेवली.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण जमत नाहीये. ठोक्या, तू सांग. तुझा शब्द शेवटचा."

लिफ्टवालीनं वाद घातला नाही. वायर कोपरावर गुंडाळायला लागली, व्यवस्थित, एकावर एक वेढा. ठोक्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मी चुकतोय," तो म्हणाला.

"काय?"

"त्या बरोबर वाजवतायत. मला नोट ऐकूच येत नाही, सर. कान गेलेत माझे." त्यानं कागद काढून स्टूलवर ठेवला. "पेटीवाल्याच्या वेळीही मीच. भावजींच्या वेळीही मीच."

सरांनी कागद पाहिला. त्यांचा चेहरा लाल झाला. "तुझ्या शब्दावर आपण दोन माणसं घालवली! सख्खे भावजी तुझे! आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"अकरा दिवस."

"अकरा दिवस! आणि आत्ता या पोरीला मी काय बोललो!" सरांनी कपाळावर हात मारला. वर्गात असते तर त्यांनी खडू फेकला असता. "तुला ठेवायचं की नाही, ते आता मी कसं ठरवू?"

"नका ठरवू," लिफ्टवाली म्हणाली. तिनं वायर खाली टाकली होती आणि कागद हातात घेतला होता. "आजवर बेसवाला यांनी निवडला ना? आज ड्रमर मी निवडते. दादा, हे खालचे आकडे कसले?"

"आवाजाचे. अडीचशे जाड, आठ हजार बारीक."

"माझ्या पेडलवरही हेच आकडे आहेत."

तिनं कागद पेडलशेजारी जमिनीवर पसरला आणि उकिडवी बसली. जिथे रेघ सरळ होती, तिथल्या पट्ट्यांपैकी पाचशे आणि हजारच्या पार वर नेल्या. जिथे रेघ विहिरीत पडली होती, तिथल्या खाली ओढल्या, त्यांचा ठोक्याला उपयोग नव्हता. अगदी जाड थरही थोडा उतरवला, म्हणजे नोट फुगून सुरुवात झाकणार नाही. मग एक तार छेडली.

सरांनी तोंड वाकडं केलं. "हा बेस आहे की सर्दी झालेला माणूस?"

"तुम्हाला नाही विचारलं," ती म्हणाली. "दादा?"

ठोक्यानं कान पुढे केला. तिनं पुन्हा छेडली, मग पुन्हा. आवाज नाकातला होता, कुरूप होता, आणि प्रत्येक वेळी कुठे सुरू झाला ते त्याला स्वच्छ कळत होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यानं उगाच स्टूलचा स्क्रू पिळला.

"पहिल्यापासून घ्या," तो म्हणाला.

त्यांनी घेतलं. पहिलं कडवं एका दमात गेलं. बेस आणि ड्रम एका पावलानं चालत होते, आणि तो सर्दीचा आवाज सरांच्या गिटारखाली असा काही बसला की सरांनी गाता गाता दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या कडव्यात वळणावर ठोक्याचा पाय घसरला, एक ठोका उशिरा पडला. सर आणि लिफ्टवाली दोघंही काही न बोलता पुढे चालले होते, सांभाळून घेत.

ठोक्यानंच काठ्या वर करून गाणं थांबवलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की सर बघतच राहिले. "मला ऐकू आलं. चला, परत घ्या."