तारेच्या आतलं गवत

कुंपणाची तार काठीनं वर उचलून धरत वैजनाथसर म्हणाले, "या, वाकून या. आणि आता जे सांगतो, त्यावर तुमचाच काय, देवाचाही विश्वास बसायचा नाही. सव्वीस वर्षांत या गवताला एका जनावराचं तोंड लागलेलं नाही."

वनखात्यातली पुनम वाकून आत आली. जवळा बाजारच्या अलीकडचं हे गायरान. त्यातला एकरभर तुकडा सरांनी तरुणपणी तार ठोकून बंद केला होता. चरणारं जनावर नसलं तर गवताचं काय होतं, ते बघायला. बाहेर टाचेएवढं खुरटं गवत, आत कमरेला लागणारं हिरवंगार मारवेल. या एकरावर सरांचे तेवीस शोधनिबंध उभे होते, आणि त्यांचं नावही.

"इकडे नीलगायी येत असतील की, सर."

"येतात. तारेपाशी थांबतात, पाटी वाचतात, मान हलवून परत जातात. ससे तर काय, शिकलेलेच."

ती हसली. सर गोष्ट रंगवून सांगतात, हे साऱ्या हिंगोलीला ठाऊक होतं. मोजणीत मात्र काडीचा फरक करत नाहीत, असंही सगळे म्हणत.

"सर, तुमचं वाचून आम्ही आणखी तीन गायरानं बंद केली," पुनम हळूच म्हणाली. "तिन्हीकडे जुनं गवत वाळून तिथंच आडवं झालं. तिसऱ्या वर्षी त्याखालून कोंब फुटेना. तरारतं ते फक्त तुमच्याकडे. हे उरलेलं गायरान बंद करायच्या कागदावर सोमवारी माझी सही आहे. इथं कधी एखादं जनावर शिरलं असेल, तर सांगा. मी सही करत नाही."

तारेबाहेर द्वारकाबाई शेरडं राखत उभी होती. तिचा नवरा संतराम या तुकड्याचा राखणदार. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"बंद केल्यावर आमी कुठं जावं, बाई? शेरडं इकावीच लागतीन."

"म्हणूनच विचारतेय, मावशी."

सरांनी एक काडी उपटून दातांत धरली. पुढच्या महिन्यात कॉलेजात त्यांचा निरोपसमारंभ होता, शाल आणि मानपत्र ठरलं होतं. मागं फिरायला जागा असती, तर ते केव्हाच फिरले असते. त्यांनी काडी चावली, थुंकली.

"एकही नाही," ते म्हणाले. आवाजात आता गोष्टीची रंगत नव्हती. "संतराम देवमाणूस. त्यानं मुंगीसुद्धा आत सोडली नाही."

पुनमनं वहीत तेवढं लिहून घेतलं.

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

"काहून खोटं बोलून राहिले, सर? उन्हाळाभर त्यो आमची शेरडं आत सोडायचा. तुमाला ठावं व्हतं. सकाळी येऊन तुमी लेंड्या रुमालात येचायचे अन् तारेबाहेर टाकायचे. म्या बाभळीखाली बसून बघायची. आमाला वाटायचं, आमची कीव येऊन करून राहिले."