पाच फुटांचा पलंग

बेसा भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये अजून फर्निचर आलं नव्हतं, म्हणून दामिनीने मोठ्या बेडरूमच्या फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून खोली मांडली होती. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापणार, म्हणून तिकडे कपाट. खिडकीत कूलर. आणि दक्षिणेला डोकं करून पाच फूट रुंदीचा कागदी पलंग.

"कसं वाटते?" तिने सुशीलला विचारलं.

"तू म्हणशील तसं."

रंग, पडदे, आरसा, सगळ्याला त्याचं हेच उत्तर. फक्त जुन्या पलंगाचा विषय निघाला की म्हणायचा, "लाकूड चांगलं आहे."

लाकूड चांगलंच होतं. खापा गावच्या रुपरावांनी स्वतः उभं राहून सागवान चिरवून घेतलं होतं, आपल्या लेकीच्या, मयुराच्या लग्नात आंदण द्यायला. मयुरा, सुशीलची पहिली बायको, काविळीने गेली. पुढे दामिनी सुशीलची दुसरी बायको होऊन आली आणि त्याच पलंगावर झोपू लागली. सुशील मयुराचं नाव कधी काढत नसे. दामिनीशी तो वाईट वागायचा नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटशी वागावं, तसा जपून वागायचा. तिला वाटे, हे सगळं त्या पलंगामुळे. पलंग गेला की नवरा आपला होईल.

रुपराव तिला लेकच मानत. दिवाळीला साडीचोळी आणत. आज धंतोलीतल्या दवाखान्यात डोळे तपासून ते घर पाहायला आले होते. पलंग नको, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, ते दामिनीला सकाळपासून सुचत नव्हतं.

रुपरावांनी कागदावर पाय न देता खोलीत फेरी मारली. मग खाली बसून विती मोजल्या.

"माप कोणं घेतलं वं हे? माहा पलंग सहा फुटी आहे. यात मावत नाही."

"तुम्हाला नीट दिसत नसेल, बाबाजी. डोळ्यात औषध टाकलं ना."

"बोटं तं आंधळी नाही." ते हसले. "तुले सांगता नाही आलं, म्हणून कागदाले सांगाले लावलं होय?"

दामिनी वर्तमानपत्राची कड सरळ करू लागली.

"उद्या टेम्पो आणतो. पोरगीच गेली, पलंग कायले सांभाळून राहिले, जवाईबापू?"

सुशील खिडकीबाहेर पाहत राहिला.

"झोपून तं पाहा दोघं. पंखा बरोबर वर आला पाहिजे. मी गॅलरी पाहून येतो."

दोघे आडवे झाले. पंखा नेमका मधोमध होता. दामिनीला सुटल्यासारखं वाटलं. तिने बाजूला हात पसरला आणि तो नुसत्या कागदावर पडला. सुशील पार कडेला, पाठ करून निजला होता. मधे एक बाई सहज मावली असती. जुन्या पलंगाच्या रुंदीत हे अंतर आजवर खपून गेलं होतं. इथे मात्र त्याचा खांदा कागद सोडून उघड्या फरशीवर गेला होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

"मयुराताई कुठे झोपायच्या?" तिने विचारलं.

गॅलरीतली पावलं थांबली.

"मधोमध," तो म्हणाला. "मले कडच भेटे."

"लहानपणीबी तशीच," दारातून रुपराव म्हणाले. "सारी बाज अडवे मयुरा. तिची माय खाली झोपे." ते हसले, आणि हसता हसता धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. "त्या औषधानं पाणी येऊन राहिलं. टेम्पो सांगू ना मग?"

हे उत्तर दामिनीला द्यायचं नव्हतं.

"तू म्हणशी..." सुशील थांबला. मग छताकडे पाहत म्हणाला, "न्या, बाबाजी."

त्याचा खांदा अजून फरशीवरच होता. दामिनी उठली. कोपऱ्यातलं एक वर्तमानपत्र उचलून तिने त्याच्या, कपाटाच्या बाजूने पलंग फूटभर वाढवून सहा फुटी केला. आता कपाटाचं दार पुरतं उघडणार नव्हतं.