गारखांब

बत्तीस वर्षं मी शब्दकोशाच्या कचेरीत 'ग' सांभाळला. माझ्या टेबलावरून एकही खोटा शब्द पुढे गेलेला नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगते. म्हणूनच भाच्याने, म्हणजे आमच्या नव्या मुख्य संपादकाने, माझंच कार्ड माझ्यापुढे सरकवलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"आत्या, हा 'गारखांब'. द्राक्षबागेवर गारा पडू नयेत म्हणून रोवलेला उंच खांब, टोकाला तांब्याचं पातं. अर्थ झकास आहे. पण बोलणाऱ्याचं नाव कुठंय?"

कार्डाची शेवटची ओळ कोरी होती. आमचा नियम साधा आहे. शब्द कुणी उच्चारला त्याचं नाव हवं, आणि त्याने तो आपणहून उच्चारलेला हवा. आपण त्याच्या तोंडात घालायचा नाही. भाच्याला हे मीच शिकवलं होतं, कान पिळून.

"कुठल्याच पुस्तकात हा सापडत नाही. परवा पानं छपाईला जातायत. नाव नसेल तर काढावा लागेल."

"म्हणजे मी तो मनाने रचला?"

"मी नाही म्हणत. कार्ड म्हणतंय."

पोराचं बरोबर होतं, हेच जास्त झोंबलं. माझ्या नोकरीतलं ते पहिलं कार्ड. बागेतली बाई बोलत असतानाच गारा सुरू झाल्या, कार्ड पिशवीत कोंबून मी बसकडे पळाले आणि नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या बागेवर हजर झाले. ती बाई केव्हाच वारली होती. तिची सून होती, आता तिचेही केस पिकलेले, हातात छाटणीची कात्री. जुने शब्द गोळा करते, एवढंच मी सांगितलं. अंगणात खांब दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. पातं गेलं होतं आणि कपडे वाळत घालायची दोरी तेवढी त्याला बांधलेली होती.

आता तो शब्द तिच्या तोंडून यायला हवा होता. मी आभाळाचा विषय काढला, ती म्हणाली, आज काही येत नाही. खांबाकडे टक लावून पाहिलं, ती म्हणाली, जुना आहे. खांबाला टेकून उभी राहिले, तर तिने खुर्ची आणून दिली. मग मी गुमान छाटलेल्या काड्या गोळा करू लागले. कंबरेचा काटा ढिला झाला, पण हटले नाही.

परतीच्या बसला पाऊण तास उरला असताना तिने ओल्या चादरींची बादली बाहेर आणली आणि लेकीला हाक मारली. "अगं, दोरी गारखांबाला नीट आवळून बांध. मागच्या वेळी सगळं मातीत गेलं."

मी कार्ड काढलं. तिचं नाव आधी लिहिलं, वाक्य नंतर.

"यात लिहिण्यासारखं काय आहे?" तिने विचारलं.

"खूप आहे. याने गारा अडायच्या का हो?"

"छे, कसल्या अडतायत. सासूबाई तर हसायच्या. म्हणायच्या, एक कार्डवाली पोर मोठ्या तोऱ्यात लिहून घेत होती, गारा आल्या तशी पळाली. मेलीने नावसुद्धा विचारलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती पोर मीच," मी म्हटलं. "काय नाव होतं त्यांचं?"

तिने मला नीट पाहून घेतलं. मग नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. जुनं कार्ड मी बरोबर आणलंच होतं. बत्तीस वर्षांची कोरी ओळ मी तिथंच, खुर्चीत बसून भरली.

भाच्याने दोन्ही कार्डं वाचली. "आत्या, गारा अडतच नव्हत्या म्हणे. मग पहिला अर्थ खोटा."

"अर्थ खरा आहे. खांब खोटा होता. आणि खाली दुसरा अर्थ घाल, कपड्यांच्या दोरीचा खांब."

त्याने तो घातला.

छापील कोशात बोलणाऱ्यांची नावं येत नाहीत. म्हणून ते पान छापून आल्यावर 'गारखांब'शेजारच्या कोऱ्या जागेत मी तिच्या सासूबाईंचं नाव शाईने लिहिलं आणि पान त्या बागेवर पोस्टाने पाठवून दिलं.