पाचवा बोळा

"थांबा! चावी फिरवू नका!" मी ओरडले. माझ्या हातात चिंध्यांचे चार बोळे होते. पाच असायला हवे होते.

"आता काय झालं गं?" ह्यांनी फियाटच्या सीटवरूनच विचारलं.

"बोळे चारच हायत. पाच दिलते मी, माझी जुनी साडी फाडून. इंजिन उघडं हुतं तवा धूळ जाऊ नये म्हणून चार सिलिंडरात आणि एक तेलाच्या भोकात."

"सगळे काढल्यात मी. सिस्टरबाई, ह्यो तुमचा दवाखाना न्हाय."

बत्तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरात नर्स होते. एक बोळा कमी भरला तर मोठमोठ्या सर्जनना मी टाके घालू दिले नाहीत, तिथं नवऱ्याची काय कथा!

पण खरं सांगते, जीव घाबरला होता तो इंजिनासाठी नाही. साखर कारखान्यात टाइमकीपर असलेल्या ह्या माणसानं चौसष्ट सालची ही गाडी तीस वर्षं स्वतःच्या हातानं दुरुस्त केली, एकाही मेकॅनिकला बॉनेट उघडू दिलं नाही. आणि गेल्या महिन्यात तोच माणूस रंकाळ्यावरून घरी यायची वाट विसरला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे वाढत जाणार. हातातलं काम तेवढं सुटू देऊ नका." ह्यांना अजून वाटतं, त्या दिवशी ऊन लागलं होतं.

"इंजिनाचं हेड परत उघडा," मी म्हटलं.

"येड लागलंय व्हय? हेडखालचं गॅस्केट एकदा आवळून परत उघडलं की गेलं कामातनं. चार महिने शोधलंय मी ते!"

"आणि तेलाच्या वाटंत चिंधी असली तर? इंजिन जाम हुईल की!"

"न्हाय म्हणतोय न्हवं! इसरायला मी काय म्हातारा झालोय?"

त्यांचा हात चावीकडे गेला. मी खिडकीतून हात घालून ती उपटूनच घेतली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांची भीती वाटली. मग दार आपटून उतरले, पाना घेतला आणि मला शिव्या घालत एकेक नट सोडवू लागले. मी मनात म्हणत होते, नसू दे. आज माझीच मोजणी चुकू दे.

हेड उचललं. तेलाच्या भोकात साडीचं जांभळं टोक दिसत होतं.

हे बघतच राहिले.

"अंजू," त्यांचा आवाज पार बसला, "ह्यो मी ठेवला व्हय? मग मला कसं आठवंना?"

"तुम्ही कशाला? तुम्ही काढलाता. च्या प्यायला आत गेलता, तवा मीच परत कोंबला, धूळ जाईल म्हणून. आणि इसरले बघा."

ते माझा चेहरा न्याहाळत राहिले. मग आवाज चढला. "आणि वर मलाच शाणपणा शिकवतीस? तुझ्या हातनं त्या थिएटरात माणसं जगली कशी गं?"

ह्यांनी लगेच पुण्याच्या लेकीला, तेजस्वीला फोन लावला. नवं गॅस्केट तांब्याचा पत्रा कापून घरीच करणार, हेही सांगून झालं. किती दिवसांनी असे रंगात आले होते! मी पाने पुसत ऐकत होते.

"तुझी आई लई इसरभोळी झालीया," ते म्हणाले. "पण तू काळजी करू नगंस. मी हाय की तिच्याकडं बघायला."